ऊसतोडीची मुलगी, दुसरीचा वर्ग आणि चित्रांची पुस्तकं : एक प्रकरण

हे प्रकरण लिहून ठेवतेय कारण ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांना वर्गात सामावून कसं घ्यायचं, हाच प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर शेकडो शाळांत येतो आणि दरवेळी शून्यापासून सुरुवात होते. गाव, शाळा, माणसं यांची नावं बदललीत, काही बारीकसारीक तपशीलही बदललेत म्हणजे कोणी ओळखू येऊ नये. मी शाळांमधल्या वाचनाच्या कामात आहे, या शाळेत माझं नियमित जाणं होतं, वर्ग मात्र बाईंचा होता आणि निर्णयही त्यांचेच.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठचं बागायती गाव. झेडपीची चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. पहिली-दुसरी एकत्र बसते ती बाईंकडे, तिसरी-चौथी सरांकडे, सरच मुख्याध्यापक. बाईंच्या वर्गात २२ मुलं, जवळपास सगळ्यांच्या घरी ऊस, थोडाफार का होईना. कारखाना सुरू झाला की बीड, पाथर्डी, जालना भागातून टोळ्या येतात, गावाबाहेर माळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाकडून म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून आधी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडावरून हलता येत नाही. पहाटे अंधारात जातात, गाडी भरून होईल तेव्हा परत. मग लेकरांचं काय, तर मोठं लेकरू धाकट्याला सांभाळतं.

बाई आणि सर दरवर्षी कोप्यांवर जाऊन शाळाबाह्य मुलं शोधतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला तेव्हापासून वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा असतो, कागदपत्रं नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही, त्यामुळे दाखल करून घेणं हा भाग इथे सुरळीत होता. त्या वर्षी पाच मुलं मिळाली. त्यातली कार्तिकी सात वर्षांची, दुसरीत बसवली. तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ, साडेतीन-चार वर्षांचा. आई म्हणाली, "हा तिच्याबिगर ऱ्हात न्हाई, दोघं आले तर येतेन, न्हाईतर न्हाई."

इथेच पहिला निर्णय घ्यावा लागला. अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे, नियमाने भावाला तिकडे बसवायला हवं होतं. दोन दिवस तसं केलं, तो रडायचा, ती खिडकीतून तिकडेच बघत बसायची, तिसऱ्या दिवशी दोघंही आली नाहीत. बाई संध्याकाळी कोपीवर गेल्या आणि सांगून आल्या की त्यालाही वर्गात घेऊन ये. सर जरा नाराज होते, इतर पालक म्हणतील आमचंही धाकटं घ्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच ठरला, पुस्तकं नंतर आली. ती शाळेत टिकलीच नसती तर बाकी सगळं कुणासाठी करणार होतो.

नेमकी अडचण

पहिल्या आठवड्यातच दिसलं की कार्तिकीच्या दोन्ही बाजूंना बसायची पट्टी रिकामी राहते. कुणी भांडत नव्हतं, मारत नव्हतं, फक्त सरकून बसायचे. बाईंनी विचारलं तर "बाई, वास येतुया." खिचडीच्या वेळी ती आणि भाऊ ओट्याच्या टोकाला. कुणाची पेन्सिल हरवली की आधी तिच्या पिशवीकडे नजर. मैदानावर "कोपीवाली" हे नाव पडलं होतं. आणि ती स्वतः वर्गात बोलतच नव्हती, हजेरीलासुद्धा नुसता हात.

बाईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली आणि मला ती फार मोलाची वाटते. त्यांनी सहज एकदा सगळ्या वर्गाला विचारलं, आज कसं वाटतंय, तर ओळीने सगळी पोरं "छान", "छान", "छान". आदल्या दिवशी ज्याची म्हैस मेली होती तोसुद्धा छान. म्हणजे कार्तिकीला काय वाटत असेल ते यांना कळत नाही हे खरं, पण आपल्याला स्वतःला काय होतंय ते सांगायची सवयही वर्गात कुणाला नव्हती, आणि ती आपण शाळेत कधी लावलेलीच नसते. तेव्हा हा प्रश्न एकट्या कार्तिकीचा धरायचा की वर्गाचा, हे ठरवायचं होतं. बाईंनी वर्गाचा धरला.

कोणकोणते पर्याय समोर होते

सगळ्यात सोपा म्हणजे सक्ती, रोज पाळीपाळीने एकेकाने तिच्याशेजारी बसायचं. बाईंनी हे सुरुवातीलाच करून बघितलं होतं. पोरं बसायची पण पट्टीच्या अगदी कडेला, आणि ज्याची पाळी त्याला बाकीचे चिडवायचे, म्हणजे तिच्याशेजारी बसणं ही शिक्षा झाली. दोन दिवसांत बंद केलं.

सरांनी सुचवलं की गावातून जुने कपडे, दप्तरं गोळा करू आणि वर्गात सांगू की ही मुलं गरीब आहेत, यांना मदत करा. सरांचा हेतू चांगला होता, थंडीत त्या लेकरांना स्वेटर हवेच होते. बाईंनी कपडे घेतले पण ते कोपीवर नेऊन आईच्या हातात दिले, वर्गात एक शब्द काढला नाही. कारण एकदा का वर्गासमोर ती घेणारी आणि बाकीचे देणारे झाले की मग बरोबरीने खेळायला कोण येणार तिच्याशी. दया दाखवणं पोरांना पटकन जमतं, शेजारी बसणं जमत नाही.

तिसरा पर्याय पुस्तकांचा. शाळेत पुस्तकांची पेटी होती, शिवाय प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, २०१५ पासून सुरू आहे, त्यावर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात आणि छापून वापरता येतात. पेटीत एक पुस्तक होतं, कामासाठी आईवडलांबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मुलीचं. बाईंना वाटलं हेच वाचूया, मुलांना कळेल. इथे आमची बरीच चर्चा झाली.

रुडीन सिम्स बिशप नावाच्या अमेरिकन अभ्यासकबाईंनी १९९० मध्ये मांडलेला विचार या क्षेत्रात सगळे सांगतात, की पुस्तक मुलाला आरसाही असतं आणि खिडकीही, स्वतःसारखं कुणीतरी पुस्तकात दिसलं पाहिजे आणि दुसऱ्याचं जगही. विचार अगदी पटणारा आहे. पण वर्गात २२ मुलं एका बाजूला आणि कार्तिकी एकटी, अशा वेळी तिच्यासारख्या मुलीचं पुस्तक उघडलं की पहिल्या पानालाच सगळ्या माना तिच्याकडे वळणार. ती तेव्हा पुस्तक बघणार नाही, खाली बघेल. आरसा एकांतात बघायला बरा वाटतो, चारचौघांत कुणी समोर धरला तर नाही. म्हणून ते पुस्तक पेटीतच ठेवायचं, मुलांना हात घालता येईल असं, पण वर्गात एवढ्यात वाचायचं नाही असं ठरलं.

चौथा पर्याय प्राण्यांच्या गोष्टी. वेगळ्या रंगाचा पक्षी, पाय अधू असलेला ससा, सुरुवातीला सगळे हसतात मग एक दिवस संकट येतं आणि तोच सगळ्यांना वाचवतो आणि मग सगळे त्याला आपला म्हणतात. अशा गोष्टी आपल्याकडे ढिगाने आहेत आणि शिक्षकांना आवडतातही. माझा यावर आक्षेप आहे आणि मी तो बाईंना स्पष्ट सांगितला. या गोष्टीतून पोरं शिकतात काय, तर वेगळ्या माणसाने काहीतरी पराक्रम करून दाखवला तरच त्याला जवळ घ्यायचं. कार्तिकीने काही करून दाखवायची गरज नव्हती. ती सात वर्षांची मुलगी होती, पट्टीवर जागा मिळायला एवढं पुरेसं असायला हवं.

मग उरला तो पाचवा आणि तोच घेतला. सुरुवात कुणाच्याही आयुष्यात होणाऱ्या साध्या गोष्टींच्या पुस्तकांनी करायची, म्हणजे अंधाराची भीती, घरात नवं बाळ आल्यावर वाटणारी असूया, आवडती वस्तू हरवणं, अनोळखी ठिकाणी जाणं. यात २२ जणही आहेत आणि कार्तिकीही आहे. पुस्तकांची नावं मुद्दाम देत नाहीये, कारण नाव दिलं की लोक तेच पुस्तक शोधत बसतात, मिळालं नाही की काम थांबतं. वर सांगितलेल्या विषयांवर मराठीत पुरेशी पुस्तकं आहेत.

काय काय केलं

वाचनाची जागा बदलली. पट्ट्या उचलून गोल बसायचं, बाईसुद्धा खाली. गोलात टोक नसतं त्यामुळे कडेला कुणी राहत नाही, आणि बाई रोज वेगळ्या ठिकाणी बसायच्या, कधी कार्तिकीशेजारी कधी नाही. शाळेत लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे, त्यावर पुस्तक दाखवून बघितलं पण पोरं पडद्याकडे तोंड करून बसतात, एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून पुस्तक हातातच. स्टोरीवीव्हरवरच्या दोन गोष्टी तालुक्याला जाऊन रंगीत छापून आणल्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर चेहऱ्यावरचे भाव पार बुजतात, त्यामुळे तो खर्च टाळू नये असं माझं मत.

पहिलं पुस्तक भीतीचं. बाईंनी आधी मजकूर वाचलाच नाही, नुसतं चित्र. काय दिसतंय, त्याचे हात कुठंयत, डोळे कसेत. पहिल्यांदा ठरलेलंच उत्तर आलं, "रडायलाय." मग शिवम म्हणाला, "रडत न्हाय बाई, भ्यालंय, बघा की पाय आत घेतल्यात." तिथून पोरं बारकाईने बघायला लागली. प्रश्न विचारताना बाईंनी एक पथ्य पाळलं, आधी सगळे प्रश्न पुस्तकातल्या मुलाबद्दल. "तुम्हाला असं कधी होतं का" हे सगळ्यात शेवटी आणि कुणाकडेही न बघता, ज्याला सांगायचंय त्याने सांगावं, नको असेल तर "नको" म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि गोष्ट संपल्यावर "तात्पर्य काय" हा प्रश्न अजिबात नाही. हे शेवटचं शिक्षकांना सगळ्यात जड जातं, बाईंनाही गेलं, पण तात्पर्य विचारलं की पोरं लगेच बाईंना हवं ते उत्तर द्यायला लागतात, "सर्वांशी मिळून मिसळून वागावे", आणि मधल्या सुट्टीत जैसे थे.

भिंतीवर ब्राऊन पेपर लावला, त्यावर प्रत्येक पुस्तकातला एकेक चेहरा पोरांनी काढायचा आणि खाली त्यांचेच शब्द. पोटात गोळा आला, तोंड पडलं, फुगून बसलाय, जीव घाबरा झाला, करमंना. पंधरवड्यात कागद भरला. म्हैस मेलेल्या मुलाने एका चेहऱ्याखाली बोट ठेवून सांगितलं की गोठ्यात गेलं की त्याला असं होतं. बाईंनी फक्त ऐकून घेतलं, आणि त्याच्या शेजारच्याने विचारलं, नाव काय होतं रे म्हशीचं.

कार्तिकी या सगळ्यात गप्प होती. पण मधल्या सुट्टीत पेटीजवळ जाऊन पुस्तक घ्यायची, भावाला मांडीत घेऊन पानं उलटायची आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायची. बाईंनी बघितलं पण जवळ गेल्या नाहीत. हासुद्धा निर्णयच होता, कारण शिक्षकाला अशा वेळी राहवत नाही, जाऊन कौतुक करावंसं वाटतं.

पुढची पायरी बिनशब्दांचं चित्रपुस्तक. कारण सरळ होतं, कार्तिकीला अक्षरं जेमतेम येत होती, तिची बोली वेगळी, आणि वाचून दाखवायची वेळ आली की ती मागे पडणार. शब्दच नसले की कुणी पुढे नाही कुणी मागे नाही, प्रत्येकाने आपल्या भाषेत सांगायचं. तेही सगळ्यांसमोर न करता तिघातिघांच्या गटात. कार्तिकी, स्वरा आणि आणखी एक मुलगी असा गट होता. एका पानावर ताई बाळाला उचलून घेते असं चित्र आहे. त्यावर कार्तिकी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आसं न्हाई धरीत. मान लटकंल लेकराची."

स्वरा उठून बाईंकडे आली, बाई ही म्हणती चित्र चुकलंय. बाईंनी चित्र बघितलं, खरंच हात मानेखाली नव्हता. "मग कसं धरायचं, दाखवतेस?" कार्तिकीने भावालाच आडवं उचललं, तो एवढा मोठा, पाय खाली लोंबतायत, तो हसायला लागला आणि सगळा वर्ग हसला, ती पण. मग सगळ्यांनी आपापली दप्तरं बाळासारखी धरून बघितली आणि कार्तिकी फिरून फिरून सांगत होती, तुझं चूक, तुझं बरोबर. स्वराच्या घरी दोन महिन्यांचं बाळ होतं, ती दुसऱ्या दिवशी येऊन सांगते, मी आईला दाखवलं.

मी हे जरा लांबवून सांगितलं कारण यात काहीच ठरवून केलेलं नव्हतं. बाईंनी "कार्तिकीला काय येतं ते बघूया" असा कार्यक्रम केला असता तर ती एक अक्षर बोलली नसती. चित्रात चूक होती आणि ती तिला दिसली, आणि बाईंनी चित्रापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवला.

फाटलेलं पान

डिसेंबरच्या शेवटी एक दिवस भावाच्या हातून पुस्तकाचं पान फाटलं. आर्यन, ज्याच्या घरचा ऊस गावात सगळ्यात जास्त, पटकन बोलून गेला, "कोपीतली पोरं असलीच." वर्ग शांत. कार्तिकीने भावाला पाठीत धपाटा घातला आणि पिशवी उचलून निघाली.

या क्षणी बाईंसमोर रागावणं, भाषण देणं, दुर्लक्ष करणं असे नेहमीचे मार्ग होतेच. त्यांनी आधी कार्तिकीला थांबवलं, मग फाटलेलं पुस्तक गोलाच्या मध्ये ठेवलं आणि विचारलं की आता याचं काय करायचं. चिकटपट्टी, डिंक, मागून कागद लावू, सूचना आल्या, दोघातिघांनी मिळून पान जोडलं. भावाला चिकटपट्टी धरायला दिली. मग बाईंनी पेटीतली आधीपासून फाटलेली चार पुस्तकं काढली, जी गावातल्याच पोरांनी फाडली होती, आणि तीही जोडायला दिली. कुणाला काही बोलायची गरज पडली नाही.

आर्यनशी त्या सुट्टीत एकट्याशी बोलल्या. तो म्हणाला, "आजी म्हणती त्यांच्यात बसू नको, आजारी पडशील." म्हणजे मूळ घरात होतं, आणि वर्गात कितीही पुस्तकं वाचली तरी ती आजीपर्यंत पोचत नव्हती.

घरं आणि कोप्या

जानेवारीत शाळेत हळदीकुंकू असतं, तेव्हा आया, आज्या बऱ्यापैकी येतात. एरवी त्यात स्वच्छतेवर किंवा बचत गटावर भाषण होतं. बाईंनी तिळगूळ वाटून झाल्यावर बायकांचे गट केले आणि तेच बिनशब्दांचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं, गोष्ट तुम्ही सांगा म्हणाल्या. सुरुवातीला लाजल्या मग रंगल्या. बाळाच्या चित्रावर आर्यनची आजीच म्हणाली, मान धरली न्हाय की हिनं. बाईंनी सांगितलं, आमच्या वर्गात हे सगळ्यात आधी कार्तिकीने ओळखलं, ऊसतोडीची आहे, घरचं सगळं तीच बघते. आजी काही बोलल्या नाहीत. एवढ्याने मन बदललं असं मी म्हणणार नाही.

ऊसतोडीच्या आया या कार्यक्रमाला नव्हत्या, दुपारी चारला त्या फडातच असतात. म्हणून एका संध्याकाळी आम्ही दोघी पुस्तकं घेऊन कोप्यांवर गेलो. चुलीपुढे बसून कार्तिकीने आईला चित्रं दाखवली. आई थकलेली होती, तरी बघत होती. वासाचा विषय बाईंनी तिथे काढला नाही पण कारण डोळ्यांसमोर होतं, कोपीत चुलीचा धूर कोंडतो, पाणी लांबून आणायचं, ते आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत नियम झाला की आल्यावर सगळ्यांनी नळावर हातपाय तोंड धुवायचं, सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, साबण आणि दोन टॉवेल शाळेचे. गावातली पोरंही मातीतूनच येतात की. पुस्तकाने जे झालं नसतं ते या नळाने झालं, आणि समावेशाबद्दल बोलताना आपण हा नळाचा भाग फार वेळा विसरतो.

ते पेटीतलं पुस्तक

फेब्रुवारीत कार्तिकीला फिरस्तीवरच्या मुलीचं पुस्तक पेटीत सापडलं. बाईंकडे घेऊन आली, "बाई, हे आमच्यावानी हाय." बाईंनी तिला एकटीला विचारलं, वर्गात वाचायचं का, नसेल वाचायचं तर नको. ती म्हणाली उद्या सांगते. दोन दिवसांनी म्हणाली, वाचू, पण चित्रं मी दाखवणार.

गोलात तिने पुस्तक धरलं, बाईंनी वाचलं. मग पोरांचे प्रश्न सुरू झाले. मोळी केवढी असते, गाडीत कशी चढवता. तिने सांगितलं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं, पाय घसरला की खाली. आई चढते का? चढती की. आर्यनने विचारलं, "आमच्या वड्याकडच्या रानातला ऊस तुमच्याच टोळीनं तोडला का?" तिला रान आठवत होतं, विहिरीजवळ चिंचेचं झाड आहे ना? आर्यन म्हणाला, हो. थोडा वेळ ते दोघंच त्या रानाबद्दल बोलत होते.

मग कुणीतरी विचारलं, तू पण तोडतीस का. ती म्हणाली, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करते, रविवारी. बाईंनी तिथे पुढचा प्रश्न थांबवला आणि पान उलटलं. मला हे बरोबर वाटलं. लेकराच्या कामाबद्दल, घरच्या पैशाबद्दल वर्गासमोर खोदून विचारू नये, ते बोलणं आईवडलांशी आणि मुकादमाशी वेगळं करायचं असतं, आणि बाईंनी ते केलंही.

नंतर वर्गाने स्वतःचं पुस्तक केलं, प्रत्येकाचं एक पान, विषय "मला करमत नाही तेव्हा". कार्तिकीने टायरगाडी काढली, वर भांडी, कोंबडी, गोधडी, भाऊ. मजकूर ती सांगत गेली, बाईंनी तसाच लिहिला: "गाडीत निजायला जागा नसती. मी भावाच्या पायाशी निजते. मग गाव गेलेलं कळत न्हाई." सर म्हणाले शुद्ध करून लिहा, तपासणीला कुणी आलं तर. बाईंनी सगळ्यांच्याच बोलीतली पानं तशीच ठेवली.

काय झालं

मार्चअखेरीस कारखाना बंद झाला आणि टोळी एका दिवसाच्या निरोपावर निघाली. तोपर्यंत चित्र असं होतं की कार्तिकीच्या शेजारची जागा रिकामी राहत नव्हती, स्वरा आणि आणखी दोघी तिच्या खऱ्या मैत्रिणी झाल्या होत्या, खिचडीला एकत्र बसायच्या. वर्गात ती बोलत होती, लहान वाक्यं वाचत होती. "कोपीवाली" हा शब्द मैदानावर फेब्रुवारीतही एकदा ऐकू आलाच. आर्यन तिच्याशी नीट वागायचा पण मित्र झाला नाही, आणि त्याच्या आजीचं मत तेच राहिलं असावं. आणखी एका घराने मुलाला गोलात तिच्याजवळ बसवू नका असा निरोप पाठवला होता, बाईंनी तो मानला नाही.

जाताना तिला शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे गावच्या शाळेत सरळ बसता येईल. तिला तिचं पुस्तकातलं पान हवं होतं. बाई रंगीत झेरॉक्स द्यायला निघाल्या होत्या, ती म्हणाली खरं पाहिजे. खरं तिला दिलं, झेरॉक्स वर्गाच्या पुस्तकात लावली.

काय वेगळं करता आलं असतं

भावनांच्या पुस्तकांचं वाचन जूनपासून सुरू असायला हवं होतं. नोव्हेंबरमध्ये सुरू केल्यामुळे सुरुवातीला काही पोरांना वाटलंच की हे तिच्यासाठी चाललंय. चेहऱ्यांचा कागद आधीच भिंतीवर असता तर ती एका तयार वर्गात आली असती.

आयांची, आज्यांची बैठक संक्रांतीपर्यंत थांबायला नको होती. आजारी पडशील ही भीती घरोघर होती हे पहिल्याच आठवड्यात "वास येतुया" ऐकल्यावर ओळखता आलं असतं, आणि नळाचा नियम तर पहिल्याच दिवशी करता आला असता.

सरांच्या वर्गात टोळीतली जी मुलं होती त्यांच्यासाठी यातलं काहीच झालं नाही, त्यातला एक मुलगा जानेवारीत यायचाच बंद झाला. एका वर्गात चांगलं चाललंय म्हणून आपण सगळे त्याच वर्गात रमलो. माझंही जाणं तिकडेच जास्त झालं, खरं तर मला सरांबरोबर बसून निदान बिनशब्दांचं पुस्तक तिसरी-चौथीत नेता आलं असतं, त्या वयाची मुलं त्यावर लिहूही शकतात.

बीडच्या बाजूच्या शाळेशी फोनवर बोलणं झालं नाही. हमी कार्डावर वर्ग आणि हजेरी कळते, ती बिनशब्दांच्या पुस्तकावर बोलते, गटात उमलते, भावाशिवाय बसत नाही हे कार्डावर कुठे लिहिणार. एक फोन पुरला असता.

आणि नोंदी. बाईंच्या डोक्यात सगळं होतं, कागदावर फार थोडं. कोण कुणाशेजारी बसलं, खिचडीला कोण कुणाबरोबर, गोलात कोण बोललं एवढं आठवड्यातून एकदा वहीत टिपलं असतं तर कशामुळे फरक पडला हे आत्तापेक्षा जास्त खात्रीने सांगता आलं असतं. माझा अंदाज नळ, तिघांचे गट आणि ते बाळाचं पान, या क्रमाने आहे, पण तो अंदाजच.

बाईंनी यंदा जूनलाच ब्राऊन पेपर लावलाय, टोळ्या दसरा-दिवाळीनंतर येतील. सरांनी त्यांच्या वर्गासाठी चार पुस्तकं मागून नेलीत, आणि अंगणवाडीताईंशी बोलणं झालंय की धाकटी भावंडं पहिला महिना मोठ्या भावंडाच्याच वर्गात बसतील, मग हळूहळू अंगणवाडीत.